आबांच्या बांधावरची सावली

खोली बघायला गेले तेव्हा आबांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचंही विचारलं नाही. एकटी बाई खोली बघायला येते आणि घरमालक लग्नाबद्दल चकार शब्द काढत नाही, हे देवळ्याच्या बाजूला आक्रीतच म्हणायचं. आबांनी विचारलं, "आंघोळीला साबण कंचा वापरता?"

मी साबणाचं नाव सांगितलं. ते विचारात पडले. मग म्हणाले, "पपईला चालंल. लिंबाला नाय सोसायचा. लिंबाकडचा पाइप मी बंद ठेवीन. पटत असंल तर ऱ्हावा."

झाला आमचा भाडेकरार. माझ्या न्हाणीघराचं पाणी परसातल्या पपईला जाणार, भांड्यांचं पाणी केळीला, आणि भाजीची देठं खिडकीतून कुठंही न भिरकावता सीताफळाच्या आळ्यात. भाडं किती, लाइटबिल कुणाचं, हे त्यांनी सांगितलंच नाही. ते नंतर माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दाराआड बोलावून सांगितलं.

मी नाशिकची, त्यातही पंचवटीतली. देवळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले आणि गावाबाहेरच्या या मळ्यात येऊन पडले. आमच्याकडे झाड म्हणजे सोसायटीच्या गेटपाशी असतं आणि त्याखाली कुणाची तरी गाडी असते. इथं चहूकडे कांदा. देवळा म्हणजे कांदाच. कांद्याला लागतं ऊन, आणि झाड म्हणजे सावली, म्हणजे कांद्याचा वैरी. त्यामुळे आसपासची सगळी वावरं कशी तुळतुळीत, आणि मधेच आबांचं वावर, ज्याच्या कडेनं कडुनिंब, आंबा, शेवगा, सीताफळ, थोडा साग अशी रांगच्या रांग उभी. लोक त्यांना वेडा म्हणत नसत, कारण ते वयानं मोठे होते. "जरा वेगळं शे गणित त्यांचं," एवढंच म्हणत.

गणित वेगळं होतं यात वादच नाही. पायजम्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला आणि दुसरा घोट्यापर्यंत सोडलेला. मी आपलं सांगायला गेले की आबा, एक पाय खाली आलाय, तर म्हणाले, "आला नाय, ठेवलाय. एक पाय रानातला, एक घरातला. कुणी हाक मारली तर लगेच कंच्यापण कामाला निघता येतं." लग्नकार्यालाही तसेच जात. माई बिचाऱ्या मांडवात शिरायच्या आधी वाकून तो पाय सोडायच्या आणि आबा पंगतीत बसताना पुन्हा दुमडून घ्यायचे.

झाडांना ते माणसांची नाती लावत. आंबा हा जावई. त्याची उस्तवार करायची, रुसला तर समजूत काढायची, आणि द्यायचं मनात आलं तरच देणार. शेवगा भाचा: वर्षात ताडमाड वाढतो, शेंगा भरपूर, पण वाऱ्याची झुळूक आली की मोडला. कडुनिंब म्हणजे सासरा. बोलणं कडू, पण दुपारी आधार त्याचाच. मी विचारलं, "आणि साग?" तर म्हणाले, "साग भाड्यानं राहणारा. सरळ हाय, पण कुणात मिसळत नाय." हे माझ्याकडे बघून म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कांद्याच्या मुलखात या माणसानं झाडं का लावली, हे जो तो विचारी, आणि आबा प्रत्येकाला वेगळं कारण देत. कृषी खात्याचे साहेब आले की, "धूप थांबती साहेब, पहिल्या पावसात माती वाहून जायची." सोयरिकीचं कुणी आलं की, "साग पोरांच्या नावानं हाय, पुढच्या पिढीची बेगमी." पोरं दोघं नाशिकला कंपनीत आणि सागाकडे ढुंकून बघत नसत, तो भाग वेगळा. देवळातल्या म्हाताऱ्यांना सांगत की पक्ष्यांना बसायला जागा, तेवढंच पुण्य. शेजारच्या वावरातल्या बायकांनी विचारलं तर, "तुमच्यासाठीच लावली. डबा कुठं बसून खाता, सांगा बरं." बायका खूश.

एकदा पुण्याहून सर्वेक्षणवाली मुलं आली. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. एकानं अगदी पाठ केल्यासारखं विचारलं, "काका, तुम्ही वृक्षशेतीकडे का वळलात?"

आबा म्हणाले, "वळलो नाय. मी इथंच होतो. झाडं आली."

त्या मुलाच्या टॅबमध्ये असलं उत्तर बसेना. त्यानं पर्याय वाचून दाखवले. उत्पन्न वाढावं म्हणून? हो. मजूर मिळत नाहीत म्हणून? आबा म्हणाले, "हे बेस हाय. झाडाला मजुरी नाय, आठवडी बाजाराची सुट्टी नाय, गावाकडून फोन आला म्हणून ते दुपारी निघून जात नाय. लिवा." तोवर दुसरी मुलगी ओट्यावर माईंना तेच विचारत होती. माई म्हणाल्या, "सरपणाला. ह्यांना गॅसवरची भाकर गिळवत नाय." दोघांची उत्तरं जुळेनात, तेव्हा ती मुलं आपसातच वाद घालत निघून गेली.

मी आपली अर्थशास्त्राची. वर्गात शिकवते की माणूस फायदा बघून वागतो. एका संध्याकाळी मी आबांना धरलंच. म्हटलं, "आबा, मला खरं कारण सांगा."

"कंच्या वाराचं पाहिजे?" त्यांनी विचारलं.

मी कपाळावर हात मारला. ते मिशीत हसले आणि म्हणाले, "माणूस बघून कारण द्यावं, म्याडम. समदी कारणं खरीच हायेत. खोटं एक पण नाय." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मीही विश्वास ठेवला. मला तेव्हा एवढंच वाटलं की म्हातारा चक्रम आहे आणि मला तो आवडतो.

गावाला मात्र खरं कारण ठाऊक होतं, निदान गाव तसं समजत होतं. ती रांग ज्या बाजूला होती त्याच्या पलीकडे आबांच्या धाकट्या भावाचं वावर. मी त्यांना नाना म्हणे. वडिलांच्या वेळी दोन्ही एकच रान होतं. वाटणी झाली तेव्हा मधे बांध घातला, आणि माई सांगायच्या की त्या बांधावरून बैलगाडी जायची. मी आले तेव्हा तिथं बांध म्हणून उरलं होतं ते एवढंसं, की त्यावरून चालायचं तर पाऊल पावलापुढे ठेवत जावं लागे. कोंबडीसुद्धा विचार करून गेली असती. इतका रुंद बांध गेला कुठं? तर कोरला गेला. नांगरट करताना नांगर बांधाला जरासा लावायचा, ओंजळभर माती आपल्यात ओढायची, दिसणार नाही इतकी. वर्षानुवर्षं ओढली की बांधाची दोरी होते. ही कला इथं घरोघरी आहे आणि करतो नेहमी पलीकडचाच.

गावाचं म्हणणं, बांध नानांनी कोरला. नाना तापट, तोंडाळ, कुणाशी ना कुणाशी बिनसलेलं. आबा मोठे, सोशिक, सगळ्यांना पाणी विचारणारे. बिचाऱ्यानं भांडण न करता झाडांची रांग लावली, म्हणजे आता धाकट्याला कोरताच येऊ नये. केवढा समजूतदार माणूस, असं लोक म्हणत. आबा त्यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. टोपी काढून डोकं खाजवत आणि शेवग्याचा विषय काढत.

दोघे भाऊ बोलत नव्हते. पण विहीर एकच, मोटर एकच, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मग बोलल्याशिवाय चालणार कसं? नाना त्यांच्या म्हशीला मोठ्यानं सांगत, "सांग गं पल्याडच्याला, लाइट आली म्हणून." आबा इकडून कडुनिंबाला सांगत, "ऐकलं म्हणावं." म्हैस आणि कडुनिंब यांच्यावर इतकी वर्षं दोन घरांची शेती चालली. मी राहायला आल्यावर म्हशीचं काम माझ्याकडे आलं. मी स्कूटी काढली की नाना रस्त्यात आडवे. "म्याडम, सांगा पल्याडच्याला, मोटरचा फूटव्हॉल्व्ह गळतोय." मी मागे वळून सांगायचे, आबा तिथंच दहा पावलांवर उभे असायचे, आणि म्हणायचे, "कळवा त्याला, दुपारी बघतो."

मला हे सगळं गमतीचं वाटे. माईंना वाटत नसे. माई लग्न होऊन आल्या तेव्हा नाना शाळकरी पोर. त्यांच्या हातची भाकर खाऊन मोठे झालेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, या भागात घरोघरी वाडवडिलांच्या नावानं घागर पुजतात, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवतात. वाटणीनंतर दोन्ही घरांत वडिलांच्या नावानं वेगवेगळी घागर. माई एकदा पुरण वाटता वाटता म्हणाल्या, "बाप एक आणि घागरी दोन. वर त्याला तरी कोडं पडत असंल, जेवू कुणाकडे." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला झाडांचं काय बी नाय, पोरी. राहिली काय, गेली काय. तो एकदा उंबरा ओलांडून आत येऊन जेवला पाहिजे. मी आहे तोवर." आणि त्यांनी वाटलेलंच पुरण पुन्हा पाट्यावर घेतलं.

त्या वर्षी माघात नानांनी माझ्याकरवी निरोप धाडला. रांगेलगतचे कांदे सावलीनं पोसत नाहीत, पात वाढते आणि खाली कांदा लिंबाएवढा. होळीच्या आत झाडं काढा, नाहीतर गाव जमवतो. मी निरोप सांगितला. माई चुलीपुढून उठल्या आणि आबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काढून टाका. झाडापायी भाऊ कसाले सोडता?"

आबांनी पायजम्याचा दुमडलेला पाय खाली सोडला. मग म्हणाले, "झाडं काढली तर तो येईल गं. पण मग मी त्याला तोंड कसं दाखवू?"

माईंना त्यातलं काही कळलं नाही. मलाही नाही. त्या रागानं आत गेल्या आणि त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

त्यातच आंब्यानं घोळ घातला. रांगेतला एक आंबा मोहरायचं नाव घेईना. आबांकडे त्याला उपाय होता. न फळणाऱ्या झाडापुढे एकानं कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं आणि तोडतो म्हणून धमकी द्यायची, दुसऱ्यानं मधे पडून झाडाच्या वतीनं गयावया करायची. झाड घाबरतं, लाजतं आणि पुढच्या वर्षी फळतं. हे पूर्वी माई करायच्या, पण त्या वर्षी त्या बोलतच नव्हत्या. आबांनी मला धरलं. मी कॉलेजला निघालेले, डोक्यात हेल्मेट, खांद्याला पर्स.

"म्याडम, तुम्ही बाहेरच्या. बाहेरच्याचं ऐकंल ते."

"आबा, मला पहिला तास आहे."

"दोन वाक्यं तर बोलायची."

म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याचं मन राखू. आबांनी कुऱ्हाड उगारली आणि आंब्याला म्हणाले, "पाणी पितो, खत खातो आणि मोहोर दाखवत नाय. आज तोडतोच तुला." मी म्हटलं, "नका तोडू आबा, पुढच्या वर्षी देईल." आबा हळूच म्हणाले, "जोरात. मुळापर्यंत जायला पाहिजे." दुसऱ्यांदा जोरात म्हटलं. पुन्हा कुऱ्हाड वर. तिसऱ्यांदा मला त्या झाडाची खरोखरच दया आली असावी. मी हात जोडले, बुंध्याला पाठ लावून उभी राहिले आणि अशी काही ओरडले की शेवग्यावरचे कावळे उडाले. आबांनी कुऱ्हाड खाली ठेवली. म्हणाले, "झ्याक. पाणावले डोळे माझे."

पलीकडे नाना कांद्याला पाणी भरत होते. त्यांनी काय पाहिलं? मोठा भाऊ कुऱ्हाड घेऊन आला, एकदाचा तोडायला लागला, आणि हेल्मेटवाल्या म्याडमनी आडव्या पडून झाड वाचवलं. मी कॉलेजात पोचायच्या आत बातमी पोचली होती. वर्गात शिरले तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून अभिनंदन केलं आणि वृक्षदिंडीची जबाबदारी माझ्या गळ्यात घातली. मी सांगत होते की अहो तसं नाही, ते नाटक होतं, आंब्याला भीती घालायची असते. हे जितकं समजावून सांगावं तितकी मीच वेडी ठरत होते.

नानांच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. त्यांनी गाव जमवायचं ठरवलं. माजी सरपंच आणि आणखी चार जाणती माणसं येऊन सावली बघतील आणि निकाल देतील. आता वेळ कुठली? आबांचं वावर उगवतीला, नानांचं मावळतीला. सकाळी ऊन आबांच्या बाजूनं यायचं, तेव्हा सावली सगळी नानांच्या कांद्यावर. दुपारनंतर ती फिरायची आणि आबांच्याच वावरात लांबच लांब पडायची. म्हणून नानांचा निरोप, पंचांनी सकाळी आठला यावं. आबांचा निरोप, संध्याकाळी पाचला. सगळे निरोप नेणारी मीच. तीन फेऱ्यांनंतर माझं डोकं फिरलं आणि मी सरळ माजी सरपंचांना फोन लावला. ते मोठे न्यायी माणूस. म्हणाले, "दोघांचं नको. मधली वेळ धरू, बारा वाजता."

बाराला कुणाच्याच बाजूला सावली नसते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

फाल्गुनातलं ऊन. पंच येऊन नानांच्या कांद्यात उभे राहिले आणि सावली शोधायला लागले. सावली होती ती झाडाच्या बुडाशी, गोल. माजी सरपंचांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, टोपी काढून घाम पुसला आणि "जवळून बघावं लागंल" म्हणत कडुनिंबाखाली गेले. जवळून बघायला मग दुसरेही गेले. पाहता पाहता सगळे पंच निंबाखाली मांडी घालून बसले. एकानं तर चप्पल उशाशी घेतली. वारा छान येत होता. माजी सरपंच ऐसपैस टेकून म्हणाले, "हां, आता ही झाडं तोडायचा विषय घ्या."

नाना मात्र उन्हात उभे. सावलीविरुद्ध तक्रार करणारा सावलीत बसेल कसा? तत्त्वाचा प्रश्न. डोक्याला काही नाही, चेहरा लालबुंद. माईंनी ओट्यावरून ते पाहिलं आणि टॉवेल भिजवून माझ्या हाती दिला. "दे त्याला. माझं नाव नको सांगू." मी नेऊन दिला. नानांनी टॉवेल बघितला, कुणी पाठवला ते न विचारता डोक्यावर घेतला.

मग ते बोलले, पंचांकडे तोंड करून. कांद्याचं दोन वाक्यांत आटोपलं. खरं दुखणं निराळंच निघालं. "पल्याडच्याला विचारा, झाडं कशाला लावली? मी बांध कोरतो म्हणून ना? मी तालुक्यात कुठंही जातो, लोक म्हणतात, हाच तो, ह्याच्या भावाला ह्याच्यापायी झाडं लावावी लागली. माझ्या पोरीच्या सासरी लोक म्हणाले, तुझा बाप बांधचोर. ती रांग नाय, माझ्या नावाची पाटी हाय ती. येता-जाता वाचतंय गाव." आणि एवढा तोंडाळ माणूस, टॉवेलाच्या टोकानं तोंड पुसायला लागला.

माजी सरपंच आबांकडे वळले. "सांगा आबा. का लावली?"

मी मनात म्हटलं, आता पंचांना साजेलसं एखादं कारण येईल. धूप तरी, नाहीतर पुण्य. आबांनी टोपी काढली. डोकं खाजवलं नाही. टोपी हातातच ठेवून ते खाली बघत राहिले. या माणसाकडे कारण नाही असं मी कधी पाहिलंच नव्हतं.

"बांध मी कोरत होतो," आबा म्हणाले.

ज्याची चप्पल उशाशी होती तो उठून बसला.

"बैल होते तवा म्हणायचो, बैलाला तिकडं वढायची खोड हाय. मग ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टरला कसली खोड? पण नांगर बांधापाशी आला की हात आपोआप पल्याड झुकायचा. घरी येऊन देवापुढं शपथ घ्यायचो. पुढच्या नांगरटीला पुन्हा तेच. गाव त्याला नावं ठेवायचं आणि मी ऐकून घ्यायचो. मला मोठेपणा मिळत होता ना. शपथ काय मला आडवत नव्हती, म्हणून झाडं लावली. माझ्याच वावरात, आत सरकून लावली. बघा जाऊन. त्याला आडवायला नाय लावली. मला आडवायला लावली."

सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. खरंच की. रांग बांधावर नव्हतीच. बांधाची ती दोरी होती तिथंच होती आणि रांग तिच्यापासून चांगली आत, आबांच्या काळ्या मातीत. मी रोज तिथून जात होते. रांग म्हणजेच बांध असं सगळ्यांनी धरून चाललेलं, त्यामुळे कुणी खाली बघितलंच नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं त्या नानांना बोल ऐकायला लावले, आणि हे आम्हाला शेवग्याच्या गोष्टी सांगत बसले.

पंचांतलं एकही माणूस वर बघत नव्हतं. माजी सरपंच नखं तपासत होते. एक जण गवताची काडी मोडत होता. प्रत्येकाला आपापला बांध आठवत होता, हे कळायला शेतीतलं काही समजावं लागत नाही.

नाना पंचांना म्हणाले, "त्यांना सांगा..." आणि थांबले. डोक्यावरचा टॉवेल काढून त्यांनी खांद्यावर टाकला. मग सरळ आबांकडे बघून म्हणाले, "तू आखाजीच्या नांगरटीला कोरायचा. मी दिवाळीच्या."

"तू पण?" आबा म्हणाले.

"मग एकट्यानं एवढा बांध संपतो का?"

माजी सरपंच खोकले. निकाल त्यांनी उभ्याउभ्याच दिला: फांद्या छाटा, झाडं राहू द्या, सरपण निम्मं-निम्मं. आणि मंडळी जी उठली ती चहालाही थांबली नाही. सगळ्यांना घरी कामं आठवली होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या शिवारात बऱ्याच बांधांच्या कडेनं रोपं दिसायला लागली. कुणी आंबा लावला, कुणी शेवगा, कुणी नुसताच कडुनिंब. सगळी आपापल्या वावरात आत सरकून. विचारलं तर प्रत्येक जण सांगायचा, धूप थांबते. पुण्याची मुलं पुन्हा येऊन तेच लिहून घेऊन गेली. मला काय, मी भाड्यानं राहणारी.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलंच. पंच गेले, दोघे भाऊ तिथंच राहिले. माई ओट्यावरून हलत नव्हत्या. त्यांनी मला पाण्याचा तांब्या देऊन पाठवलं. मी निम्म्या वाटेवर पोचले तर तिकडून आवाज चढलेला. दोघे उभे, हातवारे चाललेले. म्हटलं, झालं, पुन्हा पेटलं.

जरा पुढं जाऊन ऐकलं. नाना आपल्या कांद्यात आत जाऊन टाच आपटत होते, "बाबाना बांध आठे व्हता. मन्हा वावरमा." आबा इकडे आपल्या वावरात मागे सरकत होते, झाडांच्याही मागे, आणि तितक्याच रागानं म्हणत होते, "नही, मन्हा वावरमा व्हता." हा म्हणतो बाबांच्या वेळचा बांध माझ्या वावरात होता, तो म्हणतो माझ्या. दोघे आपापल्या रानात मागे मागे जात होते आणि मधली जागा रुंद होत चालली होती. नाना म्हणाले, तू तेव्हापण माझं ऐकत नव्हता. आबा म्हणाले, तू लहान होता, तुला काय आठवतंय.

मी तांब्या तसाच घेऊन धावत माघारी आले. "माई, भांडण लागलं."

माई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "एकमेकाशी बोलून भांडतायत?"

"हो."

"मधे कुणी नाय? तोंडाकडं बघून?"

"तोंडाकडं बघून, माई."

माईंनी पदरानं डोळे पुसले आणि आत वळल्या. "मग भांडू दे. पीठ जास्तीचं काढ, पोरी. भूक लागली की दोघं येतील."